वंशावळ काढायचीय? मग आधी बडोदंच पालथं घाला

बडोद्यातल्या मराठी घरात कुणाला वंशावळ काढायची हुक्की आली की पहिला बेत ठरतो तो मूळ गावाला जायचा. गुहागर, वाई, नाहीतर नाशिककडचं एखादं खेडं. गाडी काढायची, देवळात नारळ फोडायचा आणि गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या गृहस्थांना गाठून विचारायचं, "आमचे पूर्वज इथलेच ना?" ते बिचारे हो म्हणतात. लांबून आलेल्या पाहुण्याला नाही कोण म्हणेल? मग त्यांनी सांगितलेलं एखादं नाव आपल्या खापरपणजोबांच्या नावाशी जुळतं आणि एका दुपारीत वंशावळ दीडशे वर्षं मागे जाऊन बसते. ती आपलीच आहे का, हे मात्र कुणी तपासत नाही.

बडोदं १७३४ मध्ये कायमचं गायकवाडांच्या हाती आलं आणि १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. या दोनशे वर्षांत कुणी शिलेदार म्हणून आलं, कुणी कारकून, कुणी भिक्षुक, आणि सयाजीराव महाराजांच्या काळात मास्तर, वकील, डॉक्टर, इंजिनियर असे लोंढेच आले. म्हणजे दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, बाबाजीपुरा या भागांतल्या घरांच्या चार-सहा पिढ्या इथेच जन्मल्या आणि इथेच गेल्या. त्यांचे कागद कोकणात कसे सापडणार? ते इथेच आहेत, आणि त्यातले निम्मे तुमच्या घरात नाहीत. ते शेजारच्या पोळीतल्या (पोळ म्हणजे जुन्या शहरातली गल्ली-वस्ती), आत्याच्या सासरच्या, आजोबांच्या ऑफिसातल्या मित्राच्या नातवाच्या ट्रंकेत आहेत. म्हणून हे काम एकट्याने करू नये. पाच-सहा घरांनी मिळून एक गट करावा आणि महिन्यातून एकदा बसावं. असा गट नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी आणि चालू गटात नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

पहिलं काम: स्वतःपासून मागे

एक जाड वही घ्या, किंवा पोस्टकार्डाएवढी कार्डं कापून घ्या. एका माणसाला एक कार्ड. वर कागदोपत्री नाव, त्याखाली घरातलं नाव. ही दोन नावं वेगळी लिहिणं फार गरजेचं आहे, कारण आपल्या घरांतून सगळेच तात्या, अण्णा, दादासाहेब आणि माई. गोष्टी सगळ्या 'अप्पां'च्या, आणि कागदावर अप्पा नावाचा माणूसच नाही, अशी पंचाईत होते.

मग आई-वडील, जन्म, मृत्यू, लग्न, कुठे राहत, काय करत. जे कागदावर पाहिलं ते शाईने, जे ऐकलं ते पेन्सिलने. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. ऐकीव चुकीचं असतं असं नाही, पण शाईत गेलेलं ऐकीव पुढे कुणी तपासत नाही.

बायकांची नावं वगळू नका. छापील कुलवृत्तांतांमध्ये अनेकदा मुलींच्या नावापुढे पाटी कोरी असते आणि सुना फक्त सासरच्या नावाने येतात. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची रीत, त्यामुळे एका बाईचं माहेरचं नाव, माहेरचं आडनाव, माहेरचं गाव आणि सासरचं नाव अशा चार गोष्टी लागतात. यातली एक जरी गळली तरी ती बाई दोन वेगळ्या बायका होऊन बसते. आणि मुलींचा माग सोडला तर आपण अर्धी सोयरीकच सोडली असं समजा. बडोद्याच्या मुली इंदूर, ग्वाल्हेर, धार, देवासला दिल्या जात आणि तिकडच्या इकडे येत. तुमच्या पणजोबांचं एकुलतं एक पत्र इंदुरात त्यांच्या बहिणीच्या पणतीकडे असू शकतं.

मग वडीलधाऱ्यांकडे

कागद थांबतील, माणसं थांबणार नाहीत. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि त्यांच्याकडे जा.

जाताना फोनवर आवाज टिपायची सोय करून ठेवा, पण आधी परवानगी घ्या. फोन 'विमान मोड'वर ठेवा, नाहीतर ऐन रंगात आलेल्या गोष्टीत बँकेचा कर्जवाला घुसतो. दुपारच्या झोपेनंतर, चहा झाल्यावर बसा. एक तास पुरे. दोन बहिणी किंवा दीर-भावजय एकत्र बसवता आले तर उत्तम. एकमेकांचं खोडून काढताना माणसं जे सांगतात ते एकेकट्याला विचारून निघत नाही.

"साल कोणतं?" हे विचारू नका. साल कुणालाच आठवत नाही, आणि आग्रह केला की अंदाजाने काहीतरी ठोकून देतात. त्याऐवजी खुंट्या द्या. १९२७ चा पूर आला तेव्हा आजोबा नोकरीला लागले होते का? महाराजांचा हीरक महोत्सव झाला (जानेवारी १९३६), तेव्हा तुमची आई लग्न होऊन आली होती का? संस्थान विलीन झालं तेव्हा तुम्ही कितवीत होता? पानशेतचा पूर आला (जुलै १९६१), तेव्हा पुण्याला कोण कोण होतं? फार मागची गोष्ट असेल तर "छप्पनिया दुकाळाच्या आधी की नंतर?" छप्पनिया म्हणजे विक्रम संवत १९५६, इसवी सन १८९९-१९००. प्लेगही त्याच सुमाराचा. अशा दोन खुंट्यांच्या मध्ये एखादी घटना पाच-सात वर्षांच्या आत पकडता येते आणि तेवढं सुरुवातीला पुष्कळ झालं.

"घराण्याचा इतिहास सांगा" असंही म्हणू नका. त्याने माणूस आखडतो आणि छत्रपतींच्या काळापासून सुरू करतो. विचारा: पंक्तीला शेजारी कोण बसायचं? दिवाळीचा फराळ कुणाकुणाकडे जायचा? सोवळ्यात स्वयंपाक कोण करायचं? कुणाच्या घरी तुम्हाला जाऊ देत नसत? शेवटच्या प्रश्नाला भलतीच उत्तरं येतात.

दत्तक, दुसरं लग्न, परागंदा झालेला काका, हे विषय शेवटी आणि हळू काढा. दत्तकाचं विशेष लक्षात ठेवा. खुद्द सयाजीराव महाराज कवळाण्याच्या घरातून दत्तक आले होते, तेव्हा त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण दत्तकाने वडिलांचं नाव बदलतं, कधी गोत्रही बदलतं आणि वंशावळीत एकाच माणसाला दोन बाप दिसू लागतात. कार्डावर दोन्ही लिहा, कोणता जन्माचा आणि कोणता दत्तकाचा ते स्पष्ट करून.

तिथी विचारायला विसरू नका. मृत्यूचं साल हरवलेलं असतं, पण श्राद्धाची तिथी घरात पक्की असते. आणि पितृपक्षात तर्पणाला बसणाऱ्याला बाप, आजा, पणजा अशी तीन नावं घ्यावी लागतात, आईकडचीही तीन. ती घरच्या गुरुजींच्या वहीत लिहिलेली असतात. एखादं घराणं कागदोपत्री कंगाल असलं तरी गुरुजींच्या त्या एका पानावर त्याच्या तीन पिढ्या निघतात.

आणखी एक सावधगिरी. तुम्ही नावं विचारत फिरू लागलात की चुलत घरांत कुजबुज सुरू होते: हे वाड्याच्या वाटणीसाठी चाललंय. ज्या घरात वारसाईचा दावा चालू आहे तिथे हा संशय गैरही नाही. म्हणून आधीच सांगा की तुम्हाला पेढीनामुं, म्हणजे वारसांची सरकारी वंशावळ, करायचं नाही. वारसाईसाठी तलाठ्याकडे पंचांच्या साक्षीने होणारं पेढीनामुं वेगळं, त्याला कायद्याचे परिणाम असतात. आपला तक्ता हा आपल्या समाधानाचा. जुन्या पेढीनाम्याची नक्कल कुणी आनंदाने दाखवली तर जरूर बघा, पण त्यात मुलींची नावं गाळलेली असू शकतात हे ध्यानात ठेवून.

ट्रंक उघडताना

कागद कडक उन्हात पसरू नका, सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना हलक्या हाताने काढा, त्यांच्या गंजाने कागद खाल्लेला असतो. कसर, वाळवी दिसली तर तो गठ्ठा लगेच बाकीच्यांपासून वेगळा ठेवा. सकाळी खिडकीपाशी, फ्लॅश न वापरता, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. मागची बाजू कोरी दिसली तरी घ्या; फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का असतो, पाकिटावर पोस्टाचा. गुंडाळलेला जुना कागद उलगडत नसेल तर जबरदस्ती करू नका.

नव्या माणसाला कळत नाही की यातलं महत्त्वाचं काय. तो सनदा आणि मोहोरा शोधत बसतो आणि लग्नपत्रिका रद्दीत टाकतो. वास्तविक पत्रिकेसारखा कागद नाही. साधारण नव्वद वर्षांपूर्वीची एखादी फिकट गुलाबी पत्रिका समोर ठेवा आणि सावकाश वाचा. वर कुलदैवत: श्री व्याडेश्वर असेल तर घराणं कोकणातलं, खंडोबा किंवा तुळजाभवानी असेल तर शोधाची दिशा वेगळी. मग 'चि.' आणि 'चि. सौ. कां.', म्हणजे वर आणि वधू, त्यांचे वडील, कधीकधी आजोबा. आजोबांच्या नावामागे 'कै.' आहे की नाही, त्यावरून त्या दिवशी ते हयात होते की नाही हे कळतं. निमंत्रक म्हणून वडिलांऐवजी काका किंवा थोरला भाऊ असेल तर वडील आधीच गेलेले असण्याची शक्यता आहे. खाली लग्नस्थळ: अमक्यांचा वाडा, दांडिया बाजार. म्हणजे स्वतःचं घर लहान होतं, किंवा तो वाडा नात्यातला होता. सगळ्यात तळाशी, बारीक टाइपात छापखान्याचं नाव आणि गाव. लग्न बडोद्याला आणि छपाई पुण्याची, असं असेल तर मुलीकडचे पुण्याचे असतील का, हा पुढचा प्रश्न तयार झाला.

तसंच गहाणखत, घरखरेदी, भाडेचिठ्ठी. मुख्य मजकूर सगळेच वाचतात. तुम्ही साक्षीदारांच्या सह्या वाचा. साक्षीला अनोळखी माणूस कुणी बोलावत नाही. तिथे मेहुणा असतो, शेजारी असतो, साडू असतो. रक्कम 'बाबाशाही' रुपयांत लिहिली असेल तर कागद संस्थानाचं स्वतःचं नाणं चालू होतं त्या काळातला.

शाळेच्या दाखल्याला बडोद्यात सगळे एल.सी. म्हणतात. त्यावरचा जी.आर. नंबर टिपून ठेवा; शाळेच्या जनरल रजिस्टरमधली मूळ नोंद त्यावरून सापडते. इथे बडोद्याच्या माणसाला एक फायदा आहे. सक्तीचं प्राथमिक शिक्षण संस्थानात आधी अमरेलीकडे १८९३ मध्ये आणि मग १९०६ मध्ये सगळीकडे लागू झालं, आणि ते मुलींनाही लागू होतं. म्हणजे पणजीचं लग्नाआधीचं नाव तिच्या वडिलांच्या नावासकट शाळेच्या रजिस्टरात असण्याची शक्यता इथे खूपच जास्त. जुनी शाळा अजून चालू असेल तर मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज द्या. फक्त एवढं बघा की गुजराती रजिस्टरात आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असा क्रम असतो. आपल्या क्रमाने शोधाल तर हाती काही लागणार नाही.

बैठक कशी चालवायची

गटाचं खरं काम इथे सुरू होतं. नोंदणी, घटना, अध्यक्ष यांच्या मागे पहिली दोन वर्षं लागू नका. पुढे पैसे गोळा करायचे असतील, जागा घ्यायची असेल, तर किमान सात जण मिळून १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणी होते आणि धर्मादाय आयुक्तांकडेही जावं लागतं. पण पद वाटलं की काम थांबतं, हा अनुभव मंडळं चालवणाऱ्या कुणालाही विचारा. सुरुवातीला एक टिपणं ठेवणारा आणि एक संगणक जाणणारा, एवढे दोन पुरतात.

बैठका पाळीपाळीने एकेका घरी ठेवा. त्या घराने आपली ट्रंक त्या दिवशी उघडायची. मूळ कागद त्या घराबाहेर जाणार नाही, हा पहिला नियम. फोटो तिथल्या तिथे घ्यायचे. कुणी "दोन दिवसांत आणून देतो" म्हणालं तरी हसून नाही म्हणायचं, मग तो सख्खा साडू का असेना.

आलेल्या प्रत्येक कागदावरचं प्रत्येक नाव एका सामाईक यादीत चढवा. रकाने थोडेच ठेवा: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, कागदाचा प्रकार, साल, कागद कुणाच्या घरी आहे. नाव पत्रिकेतल्या निमंत्रकाचं असो, साक्षीदाराचं असो की अभिनंदनाच्या तारेखालचं, सगळी चढवायची. गटाची खरी दौलत ही यादी. चाळीस-पन्नास कागद झाले की गंमत सुरू होते. एका घरच्या गहाणखतावर साक्ष घालणारा माणूस दुसऱ्या घरचा पणजोबा निघतो, आणि ज्या माणसाचं अक्षर त्याच्या वंशजांनी कधी पाहिलं नव्हतं, त्याची सही तिसऱ्याच्या दिवाणखान्यात सापडते. स्पेलिंगबाबत मात्र उदार राहा. जोशी आणि गुजरातीतून आलेलं जोषी, दोन्ही शोधात यायला हवीत. म्हणून एक 'प्रमाण आडनाव' असा रकाना वेगळा ठेवा.

जुने गटफोटो ओळखायची एक पद्धत सांगतो, ती फार कामाची आहे. फोटोवर पारदर्शक कागद ठेवून डोक्यांच्या बाह्यरेषा काढा, प्रत्येकाला नंबर द्या आणि त्या कागदाच्या झेरॉक्स काढा. मग फोटो एकेका वृद्धाला स्वतंत्रपणे दाखवा. आधीच्याने काय सांगितलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही. "हे तर आमचे भाऊकाकाच!" असं पहिल्याने म्हटलेलं ऐकलं की पुढच्या चौघांना तिथे भाऊकाकाच दिसतात. दोघांनी एकमेकांचं न ऐकता तेच नाव घेतलं तर शाईने, एकट्यानेच घेतलं तर पेन्सिलने.

हिवाळ्यात एखाद्या रविवारी फेरी काढा. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यापासून सुरुवात करावी. भाऊ तांबेकर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बडोद्याचे दिवाण होते, आणि वाड्यातली भित्तिचित्रं बघितली की त्या काळच्या मराठी घराची ऐट डोळ्यांपुढे उभी राहते. तिथून दांडिया बाजाराच्या गल्ल्या. पण फेरीचा हेतू सहलीचा नाही. देवळातल्या संगमरवरी पाट्या, पायरीवर कोरलेली नावं, बाकांवरची नावं, अगदी सभामंडपातल्या पंख्याच्या पात्यांवरची 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' ही अक्षरं, सगळ्यांचे फोटो घ्यायचे आणि यादीत चढवायचे. जुने वाडे पाडून अपार्टमेंट होताहेत, तेव्हा दारावरच्या पाट्याही टिपून ठेवा. फेरी सेव-उसळीच्या टपरीवर संपली नाही तर पुढच्या वेळी माणसं येत नाहीत, हे संयोजकांनी लक्षात ठेवावं.

जिवंत माणसांची जन्मतारीख, फोन, पत्ता सामाईक यादीत घालू नका. आईचं माहेरचं आडनाव काही ठिकाणी ओळख पटवायला विचारतात, तेव्हा हयात माणसांबाबत तेही झाकून ठेवलेलं बरं.

तारखा आणि मोडी

शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पण जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथीला ७९ मिळवायचे. शके १८५७ चा माघ म्हणजे १९३६ चा आरंभ. गुजराती कागदावरचा विक्रम संवत दिवाळीनंतर, कार्तिकात बदलतो: कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७ वजा, पुढे ५६ वजा. महिने आपले आणि गुजरातचे सारखेच, दोन्हीकडे अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारे. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या हिंदी कागदावर मात्र वद्य पक्षात महिन्याचं नाव एकाने पुढे असतं. आपली महाशिवरात्र माघ वद्यातली, त्यांची फाल्गुन कृष्णातली, दिवस तोच. तिकडच्या नातेवाइकांनी कळवलेली श्राद्धतिथी एक महिना चुकलीय असं वाटलं तर कारण हे असेल.

पेशवाईतल्या कागदावर सुहूर सन, म्हणजे तेव्हा दफ्तरात चालणारी एक कालगणना, अरबी शब्दांत येतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९, पुढे ६०० मिळवायचे. ११६१ मध्ये ६०० मिळवले की १७६१, पानपतचा जानेवारी. असे कागद सामान्य घरात थोडेच.

मोडीला लोक घाबरतात आणि कागद 'वाचून द्या' म्हणून कुणालातरी देऊन टाकतात. माझं म्हणणं, पूर्ण वाचायला शिकायच्या आधी ओळखायला शिका. आपलं आडनाव, गावाचं नाव, आणि चार शब्द: 'बिन' आणि 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, 'मौजे' म्हणजे पुढे गावाचं नाव येणार. एवढे आकार डोळ्यांत बसले की कागदांच्या ढिगातून आपले कागद वेगळे काढता येतात, आणि जाणकाराकडे शंभराऐवजी आठ कागद न्यावे लागतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो, शब्द तोडून लिहिलेले नसतात आणि आधी सबंध ओळीची शिरोरेषा ओढून तिला अक्षरं टांगलेली असतात. मोडी २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे, म्हणजे फॉण्ट टाकून आपलं आडनाव लिहून बघता येतं. पण फॉण्टचं वळण आणि कारकुनाचं वळण यांत पुष्कळ अंतर असतं. घरातलाच एखादा कागद, ज्याचा मजकूर आधीच माहीत आहे असा, घेऊन गिरवणं जास्त उपयोगाचं.

दफ्तरात जाताना

इंग्लंड-अमेरिकेच्या वंशावळींचे व्हिडिओ बघून आलेले लोक पहिल्यांदा जनगणनेत पणजोबांचं नाव शोधतात. आपल्याकडे जनगणनेचे अहवाल आहेत, बडोदा संस्थानाचे तर १९३१ पर्यंतचे चांगले जाडजूड, पण त्यांत आकडे आहेत, माणसांची नावं नाहीत. तो नाद सोडा.

मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय १९१० चं. तिथे संस्थानकाळातली छापील साधनं बघा, खास करून 'आज्ञापत्रिका', म्हणजे संस्थानाचं सरकारी गॅझेट. संस्थानाच्या नोकरीत असलेल्या पूर्वजाचा माग काढायला हे चांगलं ठिकाण. काचेच्या फरश्यांचे मजले बघायलाही जावं, ते वेगळं. प्राच्य विद्यामंदिरात हस्तलिखितांचा मोठा साठा आहे, पण तो शास्त्र-पुराणांचा. पणजोबांचा पगार तिथे मिळायचा नाही.

संस्थानाचं जुनं दफ्तर पाहायचं तर कोठीच्या इमारतीतलं राज्य अभिलेखागाराचं कार्यालय. जाण्याआधी चौकशी करा, ओळखपत्र आणि कशासाठी बघायचं आहे याचा अर्ज बरोबर ठेवा, शाईचं पेन घरी ठेवून पेन्सिल न्या. आणि "आमच्या पणजोबांबद्दल काही आहे का?" असं विचारू नका. तिथे कागद घराण्यांनुसार लावलेले नसतात, खात्यांनुसार असतात. "खानगी खातं (राजघराण्याच्या खासगी कारभाराचं), १९०५ ते १९१५" असं विचारलंत तर निदान कुठल्या यादीत बघायचं ते कळेल. म्हणून आधी घरच्या कागदांवरून पूर्वज कोणत्या खात्यात, साधारण कोणत्या वर्षांत होता, हे काढल्याशिवाय जाऊच नये. संस्थानाने १९३० च्या दशकापासून ऐतिहासिक दफ्तरातले निवडक कागद खंडांत छापले आहेत, ते आधी चाळले तर नावांची आणि हुद्द्यांची सवय होते.

महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदीत जुन्या काळी बाळाचं नाव नसून नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' असतं. वडिलांच्या नावाने आणि मोहल्ल्याच्या नावाने शोधा. घराचं काही शोधायचं असेल तर सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड. फेरफाराच्या नोंदींत कोण वारल्यावर कुणाची नावं चढली ते दिसतं.

चांदोद, सिद्धपूर, नाशिक, आणि मग मूळ गाव

बडोद्याची माणसं अस्थी घेऊन नर्मदेकाठी चांदोदला जातात, आईच्या श्राद्धाला मातृगया म्हणून सिद्धपूरला. दोन्ही ठिकाणच्या उपाध्यायांकडे चौकशी करावी. सिद्धपूरला विशेष, कारण तिथे आईच्या बाजूची नावं निघण्याची आशा असते. नाशिक आणि त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांच्या नामावळी आहेत. आडनाव आणि मूळ गाव, दोन्ही सांगावी लागतात, त्यावरून कोणता उपाध्याय ते ठरतं. तिथे आलेला माणूस स्वतःच्या हाताने नावं लिहून सही करतो, त्यामुळे बहुधा बडोद्याहून गेलेल्या आजोबांचं अक्षर बघायला मिळतं, आणि त्यांनी आपलं मूळ गाव काय लिहिलं तेही. दक्षिणा मनासारखी द्या, आणि आपल्या पिढीची नावं लिहून या, मुलींसकट.

गावाचं नाव असं लेखी मिळालं की मग गाडी काढायची. महाराष्ट्रातल्या तहसील कार्यालयांत जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, गाव नमुना १४, बघायला मागा. २०२३ नंतर कुणबी नोंदींच्या शोधात बऱ्याच जिल्ह्यांनी मोडीतल्या जुन्या नोंदी स्कॅन करून जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकल्या आहेत, त्या जाण्याआधी घरबसल्या चाळा. तुमची जात कोणतीही असो, गाव कळतं, आडनावं कळतात. गावात तलाठ्यांना भेटायचं तर आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी आहे, आणि एकाकडे बरीच गावं असतात. कोणत्या दिवशी बसतात ते फोन करून विचारा. देवळाच्या गुरवांना भेटा, उत्सवाचा मान कोणत्या घरांकडे आहे ते विचारा. तक्त्याची एक प्रत त्यांच्याकडे ठेवून या, मागे आपला फोन नंबर लिहून. आणि परत आल्यावर आठवड्याच्या आत सगळे फोटो यादीत चढवा. उशीर झाला की कोणती पाटी कोणत्या देवळातली, हे गाडीत बसलेल्या चौघांनाही आठवत नाही.